उतारावरचं गवत, कमरेत वाकणारा ट्रॅक्टर आणि ‘३० अंश’ नावाचा आकडा

‘तीव्र उतारावर गवत कापायला सगळ्यात चांगला छोटा ट्रॅक्टर कोणता?’ हा प्रश्न विकत घेणाऱ्याने विचारला तर काहीच चूक नाही. पण हाच प्रश्न सिनॉप्सिसमध्ये लिहून गाइडपुढे ठेवलात तर कागद परत येणार, हे नक्की. कारण ‘चांगला’ मोजता येत नाही, ‘तीव्र’ म्हणजे किती ते लिहिलेलं नाही, आणि ‘छोटा’ हा तर ज्याच्या त्याच्या नजरेचा मामला. माझं पीएचडीचं काम शेतयंत्रांच्या स्थिरतेवर आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. आज तो नीट उलगडून बघू. मजा अशी, की खरेदीदाराला जे करायला हवं आणि संशोधकाला जे करायला हवं, ते इथे जवळजवळ एकच आहे.

आधी हे बघू, की एवढ्या उतारावर गवत कापायचंच कशाला? हौस म्हणून कुणी कापत नाही. महामार्गाच्या भरावावर गवत वाढलं की पाण्याच्या चऱ्या दिसत नाहीत, वळणावर समोरचं दिसत नाही. मातीच्या धरणाच्या कोरड्या बाजूला गवत कापतात ते मुख्यतः पाहणीसाठी. पाझर कुठे आहे, घुशी-सशांनी बिळं कुठे केली, झाडाची मुळं कुठे शिरू लागली, हे उंच गवतात कळत नाही. आल्प्समध्ये डोंगरउताराचं गवत म्हणजे गाईंचा हिवाळ्याचा चारा, तोच तिथला धंदा. म्हणजे काम टाळता येत नाही. आणि ट्रॅक्टर उलटणं हे अमेरिकेत शेतीवरच्या मृत्यूंचं वर्षानुवर्षं सगळ्यात मोठं कारण राहिलेलं आहे. त्यामुळे इथे आकडा चुकला तर फक्त पेपर रिजेक्ट होत नाही.

उतार आधी मोजा, तोही एकाच मापात

उतार सांगायच्या तीन पद्धती आहेत आणि निम्मा घोटाळा तिथेच होतो. यंत्राच्या पुस्तिकेत अंश असतात, रस्तेवाले टक्के बोलतात, धरणवाले ‘तीनास एक’ म्हणतात. ३:१ म्हणजे आडवं तीन मीटर गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे १८.४ अंश, म्हणजेच ३३ टक्के. २:१ म्हणजे २६.६ अंश, ५० टक्के. ३० अंश म्हणजे ५८ टक्के आणि १०० टक्के म्हणजे ४५ अंश. ‘आमच्याकडे तीस आहे’ असं कुणी म्हणालं तर पहिला प्रश्न हा, की तीस काय? तीस टक्के आणि तीस अंश यांच्यात साधारण तेरा अंशांचा फरक आहे, आणि पुढे दिसेल की तेरा अंशांत माणूस मरू शकतो.

अमेरिकेत रस्त्याकडेचा भराव ३:१ पेक्षा उभा ठेवू नये असं जे सांगतात, त्यामागे गवत कापणाऱ्या यंत्राचाही विचार असतो. २:१ चा भराव आला की साधा राइडिंग मोअर बाद. झीरो-टर्न मोअरच्या पुस्तिका बहुधा १० ते १५ अंशांवरच थांबतात. त्याची पुढची चाकं खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरणारी असतात. दिशा ठरते ती मागच्या दोन चाकांच्या वेगातल्या फरकाने, आणि उतारावर एका मागच्या चाकाची पकड सुटली की पुढचं तोंड खाली घसरतं. इथे कमरेत वाकणाऱ्या ट्रॅक्टरचा प्रवेश होतो.

हे यंत्र असतं तरी कसं?

रस्त्याच्या कामावर मुरूम दाबणारा एका ड्रमचा रोलर किंवा मोठा व्हील लोडर आठवा. वळताना त्याची पुढची चाकं वळत नाहीत, सबंध गाडी मध्येच वाकते. हेच आर्टिक्युलेटेड. छोट्या ट्रॅक्टरांत याचं ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ऑरव्हिलला बनणारा व्हेन्ट्रॅक. २०२० मध्ये ही कंपनी टोरोने घेतली. कापणीचा डेक पुढे, चालक पुढच्या भागात, इंजिन मागच्या भागात, चारही चाकांना ड्राइव्ह. इटलीत पादोव्हाजवळचे अन्तोनिओ कारारोचे ट्रॅक्टरही या कुळातले आहेत, पण ते मुख्यतः द्राक्षमळे आणि फळबागांच्या अरुंद ओळींसाठी असतात. स्वित्झर्लंडचा एबी टेराट्रॅक आणि ऑस्ट्रियाचा रिफॉर्म मेट्रॅक हे उतारासाठीच बांधलेले, रुंद आणि बुटके. मात्र ते कमरेत वाकून वळत नाहीत, चाकं वळवतात. शिवाय ते गवताच्या शेतीचे ट्रॅक्टर आहेत, आकाराने आणि किमतीने बरेच मोठे. म्हणून ‘छोटा’ या शब्दात ते बसत नाहीत, पण तुलनेच्या तक्त्यात त्यांना जागा हवी.

वाकण्याचा फायदा सरळ आहे. सांधा दोन्ही अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्ये असेल तर मागची चाकं पुढच्या चाकांच्याच मागावरून जातात, गवत रगडलं जात नाही. हा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही. उतारावर माती धरून ठेवते ती गवताची मुळंच. वळणावर ती उखडली तर पुढच्या पावसात तिथे चर पडणार, आणि पुढच्या खेपेला तोच चर तुमच्या चाकाखाली येणार.

सांध्याचं दुसरं काम म्हणजे पीळ. पुढचा भाग डावीकडे कलला तरी मागचा सरळ राहू शकतो, म्हणून चारही चाकं जमिनीला टेकून राहतात. हे दोन गुण वेगळे आहेत, ते एकत्र मोजायचे नाहीत.

४५ अंशांचे २६ कसे होतात

व्हेन्ट्रॅक ४५०० बद्दल कंपनी जोडचाकं लावून ३० अंशांपर्यंतचा उतार सांगते. जोडचाकं म्हणजे प्रत्येक बाजूला एकाशेजारी एक अशी दोन चाकं. मोठ्या अक्षरांत दिसतो तो ३० हा आकडा, पण जोडचाकांची अट तितकीच महत्त्वाची आहे. का ते बघायला एक काल्पनिक यंत्र घेऊ आणि हिशेब करू. पुढचे आकडे कुठल्याही मॉडेलचे नाहीत, समजायला सोपे म्हणून धरलेले आहेत. वही घ्या, सोबत करा.

दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, १.२ मीटर. वजन ८०० किलो. गुरुत्वमध्याची उंची ०.६ मीटर. यंत्र उताराला आडवं उभं असेल तर ते उलटतं तेव्हा गुरुत्वमध्यातून सोडलेला ओळंबा खालच्या चाकाच्या पलीकडे जातो. म्हणून उलटण्याच्या कोनाचा टॅन म्हणजे अर्धा ट्रॅक भागिले उंची. ०.६ भागिले ०.६ म्हणजे १. उत्तर ४५ अंश. झकास.

आता त्यावर माणूस बसवा. ८० किलोचा चालक, त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटरवर. एकत्रित उंची ०.६४५ मीटर होते आणि कोन ४३ अंशांवर येतो. उतारावर चालक वरच्या बाजूला झुकताना दिसतात. तो बिचारा २० सेंटिमीटर झुकला तर एकूण गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटरही हलत नाही. कोनात एक अंशसुद्धा फायदा होत नाही. मनाला मात्र बरं वाटतं.

आता कंबर वाकवा. इथे एक चित्र काढाच. यंत्र वाकतं तेव्हा सांधा वळणाच्या बाहेरच्या बाजूला जातो आणि दोन्ही अ‍ॅक्सल आतल्या बाजूला. एकूण ४० अंश वाकलं, म्हणजे प्रत्येक भाग २० अंश तिरका झाला. आधाराची अर्धी रुंदी २० अंशांच्या कोसाइनने आखडते, ०.६० ची ०.५६ होते. हे ठीक, फार नाही. पण वजन कुठे आहे? समजा दोन्ही भागांचं वजन अ‍ॅक्सलपासून २० सेंटिमीटर सांध्याच्या दिशेला आहे. मग एकत्रित गुरुत्वमध्य बाहेरच्या बाजूला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो. आडवे जाता जाता तुम्ही चढाकडे वळलात तर ती बाहेरची बाजू म्हणजेच उताराची बाजू. उरली अर्धी रुंदी अंदाजे ०.५० मीटर, आणि कोन साडेसदतीस अंश.

लक्षात घ्या, सांधा अजून आपण पिळायला मोकळा धरलेलाच नाही. आणि वजन सांध्याकडे नसून अ‍ॅक्सलच्या पुढे लटकलेलं असेल, उदाहरणार्थ पुढचा जड डेक, तर त्या भागासाठी चिन्ह उलटं होतं. मग चढाकडे वळताना फायदा आणि उताराकडे वळताना तोटा. म्हणून ‘हा ट्रॅक्टर किती अंश चालतो’ या वाक्यात कर्माची जागा रिकामी आहे: कोणता डेक लावून? डेक बदलला की यंत्र बदललं. व्हेन्ट्रॅकवर डेकचं काही वजन ट्रॅक्टरच्या चाकांवर घेणारी स्प्रिंगची सोय आहे. ती कुठल्या खाचेत होती हेसुद्धा नोंदवायला हवं.

पुढे जाऊ. खालचं चाक १० सेंटिमीटर खोल खड्ड्यात गेलं. १.२ मीटर ट्रॅकवर याचे जवळजवळ ५ अंश होतात. उरले ३३. वेग ताशी ६ किलोमीटर आणि वळणाची त्रिज्या २ मीटर धरली, तर बाहेर फेकणारं बल वजनाच्या १४ टक्के येतं. तेही या वळणात उताराच्याच दिशेने. सगळं समीकरणात घातलं की उत्तर येतं २६ अंश.

म्हणजे कागदावर ४५, आणि एक माणूस, एक वळण, एक खड्डा यांच्यानंतर २६. २:१ चा भराव २६.६ अंशांचा असतो, हे वर आलंच आहे. उलटण्यासाठी ‘बेफिकीर’ चालक लागत नाही, साधं रोजचं काम पुरतं.

आता जोडचाकं लावा, ट्रॅक १.७ मीटर करा आणि हाच हिशेब पुन्हा करा. शेवटचं उत्तर साडेएकोणचाळीसच्या आसपास येतं. एका बदलाने तेरा अंश मिळाले. म्हणून जोडचाकांची अट सोडून ३० अंशांचा आकडा वाचणं म्हणजे अर्धं वाक्य वाचणं.

मोकळा सांधा: चालकाला न कळणारी गोष्ट

आता पीळ मोकळा करा. मोकळा सांधा एका भागाचा कल दुसऱ्या भागाला कळवत नाही, म्हणून प्रत्येक भागाला आपला तोल स्वतःच सांभाळावा लागतो. त्याला आधार तीनच: स्वतःची दोन चाकं आणि सांधा. मागचा भाग कलू लागला तर तो खालच्या चाकाचा टेकण्याचा बिंदू आणि सांधा यांना जोडणाऱ्या रेषेभोवती फिरतो. पिळाची मर्यादा संपून सांधा आडकाठीला भिडला, की मग दोन्ही भाग एकत्र होतात आणि दुसरा टप्पा सुरू होतो. पण तोपर्यंत हलणाऱ्या वस्तुमानाला वेग आलेला असतो. शांतपणे कलवून मोजलेला कोन इथे उपयोगाचा राहत नाही.

यात सगळ्यात वाईट भाग माणसाचा आहे. चालक पुढच्या भागावर बसलाय. मागचं वरचं चाक उचललं गेलं तरी त्याच्या सीटला काही जाणवत नाही. ताठ चौकटीच्या ट्रॅक्टरवर ढुंगणाखाली जी सूचना मिळते, ती इथे उशिरा मिळते. जो सांधा खडबडीत जमिनीवर चारही चाकं टेकवून ठेवतो, तोच धोक्याची खबर दाबून ठेवतो.

हा विषय नवा नाही. जंगलात ओंडके ओढणाऱ्या अशाच ट्रॅक्टरांच्या आडव्या उतारावरच्या स्थिरतेवर १९७१ मध्ये ‘जर्नल ऑफ टेरामेकॅनिक्स’मध्ये लेख आला होता. अलीकडचं बरंच काम इटलीतलं आहे, कारण अरुंद ट्रॅक्टर आणि डोंगरउतारावरची शेती दोन्ही तिथे आहेत. लिटरेचर रिव्ह्यू करताना ‘मोअर’ शब्दाने शोधलंत तर हातात फार थोडं येईल. ओंडके, खाणकाम, लोडर, द्राक्षमळे या शब्दांनी शोधा. यंत्र वेगळं, सांधा तोच.

उलटण्याआधी घसरतं

आतापर्यंत आपण धरलं की चाक जागचं हलत नाही. ओल्या गवतावर ते खरं नाही. घर्षणांक ०.५ असेल तर यंत्र २६.६ अंशांवर सरकू लागतं, ०.४ असेल तर २१.८ वर. हिशेबात वजन दोन्हीकडे येतं आणि कटतं, त्यामुळे ‘जड यंत्र घेतलं की घसरणार नाही’ हे निदान पहिल्या अंदाजात तरी खरं नाही. जड यंत्र ओली माती जास्त दाबतं, हे मात्र खरं.

आपलं जोडचाकाचं यंत्र साडेएकोणचाळीसपर्यंत उलटत नव्हतं ना? मग आता त्याची खरी मर्यादा उलटणं नाही, पकड आहे. आणि ती यंत्राच्या पुस्तिकेत नसते, ती सकाळच्या दवात असते. सरकत जाणारं यंत्र दगडाला किंवा चराच्या कडेला अडलं की क्षणात उलटतं. त्यामुळे अपघाताच्या नोंदीत ‘उलटला’ असं लिहिलेलं असलं तरी सुरुवात घसरण्याने झालेली असू शकते. डेटा गोळा करणाऱ्यांनी हा फरक प्रश्नावलीतच ठेवावा, नंतर तो सापडत नाही.

आणखी एक मर्यादा सगळे विसरतात: इंजिनचं तेल. यंत्र कलतं तसं तेल एका बाजूला जातं आणि पंपाच्या तोंडाशी हवा येते. इंजिन बनवणारा आपला कोन वेगळा देतो, आणि तो अनेकदा ट्रॅक्टरवाल्याच्या कोनापेक्षा कमी असतो. म्हणूनच एकाच ट्रॅक्टरच्या दोन इंजिनांच्या मॉडेलमध्ये उताराची मर्यादा वेगळी दिसू शकते.

मग निवडायचं कसं?

मी असं करेन. आधी आपल्या उतारावर डिजिटल लेव्हलने दर दहा-वीस मीटरवर कोन घेईन. सरासरी काढणार नाही, सगळ्यात उभा तुकडा बघेन. सरासरीने कुणी उलटत नाही. मग प्रत्येक यंत्रासाठी चार आकडे मागेन: मला लागणाऱ्याच डेकसह उलटण्याचा कोन, चाकांची जोडणी, इंजिनची मर्यादा आणि तो कोन कसा मोजला. टिल्ट टेबलवर, हिशेबाने, की नुसता चालवून? स्वयंचलित शेतयंत्रांच्या स्थिरतेसाठी आयएसओ १६२३१ हे मानक आहे, आणि त्याचा २०१५ चा दुसरा भाग स्थिर अवस्थेतल्या चाचणीचा आहे. विक्रेत्याला ‘कोणत्या मानकाने मोजलं?’ एवढं विचारलं तरी संभाषणाचा सूर बदलतो, करून बघा. या आकड्यांतला सगळ्यात लहान तो खरा, आणि त्यातूनही खड्डा-वळणाचे वजा करायचे.

संरक्षक कमान आणि सीटचा पट्टा यावर चर्चा नाही. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली आणि उलटून होणारे मृत्यू तिथे खूप कमी झाले. कमान उभी असेल तर पट्टा लावायचाच. कमान दुमडलेली असेल तर पट्टा नको, आणि मग उतारावर जायचंही नको.

एवढं करून हाती आलेला आकडा आपल्या उतारापेक्षा कमी असेल, तर दुसरा ट्रॅक्टर शोधण्याऐवजी माणूस यंत्रावरून उतरवायचा. रिमोटवर चालणारे मोअर याचसाठी आहेत. चेक बनावटीच्या ‘स्पायडर’ला तर वर दोर बांधून विंचवर सोडतात. ते उलटले तर लोखंड वाकतं, बस्स. माझं मत विचाराल तर २५ अंशांच्या पुढे रोजचं काम असेल तिथे पहिला विचार याचाच व्हावा. बसून चालवायचा ट्रॅक्टर त्यानंतर.

सिनॉप्सिसमध्ये हे कसं दिसेल

‘उतारासाठी सर्वोत्तम ट्रॅक्टर’ याऐवजी असा प्रश्न लिहा: ‘पुढच्या डेकचं वजन आणि कंबरेचा कोन बदलल्यास आर्टिक्युलेटेड ट्रॅक्टरचा स्थिर उलटण्याचा कोन किती बदलतो?’ यात बदलायच्या गोष्टी दोन, मोजायची एक, आणि चाचणी टिल्ट टेबलवर कुणालाही धोक्यात न घालता होते. टिल्ट टेबल नसेल तर चार वजनकाटे आणि एक जॅक घ्या. सपाटीवर चारही चाकांखालचं वजन मोजून गुरुत्वमध्य आडव्या पातळीत कुठे आहे ते कळतं. मग एक अ‍ॅक्सल उचलून पुन्हा मोजलं, की उंची हिशेबाने निघते. टायर किती दबतात हे दोन्ही वेळा नोंदवा, नाहीतर व्हायवात पहिला प्रश्न तोच येईल.

आणि आपल्याकडे हा विषय कुठे करायचा, असं वाटत असेल तर मातीची धरणं बघा. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं महाराष्ट्रात आहेत, त्यातली बहुतेक मातीची. एकट्या जायकवाडीच्या धरणाची लांबी जवळजवळ दहा किलोमीटर आहे. पाटबंधारे खात्याची रीतसर परवानगी घेऊन एखाद्या धरणाच्या कोरड्या उतारावर दर वीस मीटरला कोन मोजा, आणि सकाळी आठला व दुपारी दोनला गवतावर एका टायरची पकड स्प्रिंग काट्याने ओढून बघा. ट्रॅक्टर नसतानाही पहिल्या प्रकरणाचा डेटा तयार होतो, आणि त्या उतारावर कोणतं यंत्र मागवूच नये हे त्यातूनच कळतं.